तीन पाण्यांच्या तिठ्यावर : चिपळूणच्या महापुरांचा इतिहास

रत्नागिरी जिल्ह्यातले चिपळूण हे गाव वाशिष्ठी नदीच्या काठावर, नदी संपून खाडी सुरू होते नेमक्या त्या जागी वसले आहे. पूर्वेला सह्याद्रीची उभी भिंत आणि पश्चिमेला खाडीच्या वाटेने सुमारे चाळीस किलोमीटरवर दाभोळचा समुद्र. वाशिष्ठी तिवरे गावाच्या वरच्या डोंगरात उगम पावते आणि दाभोळपाशी समुद्राला मिळते. तिची एकूण लांबी सत्तर किलोमीटरच्या आसपास. एवढ्या थोड्या अंतरात ती जी उंची उतरते, त्यातली बहुतेक पहिल्या काही किलोमीटरांतच उतरते. डोंगरातून सुटलेले पाणी काही तासांत खाली पोहोचते आणि चिपळुणात आले की त्याचा वेग एकदम मंदावतो, कारण इथून पुढे उतारच उरलेला नसतो. शहराचा सखल भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहे.

या खोऱ्यात वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घाटमाथ्याकडे तो आणखी वाढतो. त्याच वेळी खाडीतून दिवसातून दोनदा भरतीचे पाणी वर चढत असते. ओहोटी असली तर नदी मोकळी होते. भरती असली तर खालून आलेले पाणी वरच्या पाण्याला अडवून धरते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा अडसर अधिक उंच होतो. डोंगरातला मुसळधार पाऊस आणि खाडीतली भरती एकाच वेळी आली की वाशिष्ठीचे पाणी पात्र सोडून बाजारपेठेत शिरते. शहराच्या मधून वाहणाऱ्या शिव नदीचे पाणीही अशा वेळी वाशिष्ठीत शिरू शकत नाही, ते मागे वळून वस्तीत पसरते. चिपळूणच्या पुराचे मूळ गणित एवढेच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यात तिसरे पाणी आले, ते कोयनेचे.

वस्ती अशा सखल जागी का झाली, याचे उत्तर बंदरात आहे. भरतीच्या पाण्यावर स्वार होऊन गलबते आणि पडाव दाभोळहून थेट गोवळकोटपर्यंत येत. तिथून माल बैलांच्या पाठीवर आणि पुढे गाड्यांवर लादून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे जाई. देशावरचा कापूस, गूळ, धान्य याच वाटेने खाली उतरे, आणि वर जात मीठ, नारळ, सुकी मासळी. १८८० सालच्या रत्नागिरी गॅझेटिअरमध्ये चिपळूणची नोंद घाटावरच्या व्यापाराचे प्रमुख ठाणे म्हणून झाली आहे. खाडीवर नजर ठेवणारा गोवळकोटचा किल्ला, बंदराच्या बाजूला पसरलेला पेठमाप, नदीला लागून उभी राहिलेली बाजारपेठ हे सारे पाण्याच्या जवळ होते, कारण पोट पाण्यावर होते. भरती जिथवर येते तिथवरच होडी येते. व्यापाऱ्याला होडीपासून दूर जाऊन परवडणारे नव्हते.

अशा गावाला पावसाळ्यात रस्त्यावर पाणी येणे नवे नव्हते. मात्र त्या काळची घरे आणि त्या काळचा संसार पाण्याशी जुळवून घेणारा होता. जांभ्या दगडाचे उंच जोते, वर माळा किंवा माडी, आणि आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरून ठेवलेले धान्य, लाकूडफाटा, सुकी मासळी असे सगळे शक्य तितक्या वरच्या जागी. पावसाळ्यात समुद्रावरची वाहतूक बंद पडे, त्यामुळे पेठेतला सर्वांत मोठा मालसाठाही त्या चार महिन्यांत ओसरलेला असे. पाणी चढे, एका ओहोटीत बरेचसे उतरे, मागे राहिलेला चिखल धुतला जाई. नुकसान होई, पण ते सोसण्याजोगे असे. पुढे जे बदलले ते पाण्यापेक्षाही पाण्याच्या वाटेत ठेवलेल्या वस्तूंच्या बाबतीत जास्त बदलले, आणि चिपळूणच्या पुरांचा इतिहास वाचताना ही बाब नजरेआड करून चालत नाही.

पात्रातही बदल होत गेला. सह्याद्रीच्या उतारावरची झाडी इंधनासाठी, कोळशासाठी आणि लाकडाच्या व्यापारासाठी पिढ्यान्‌पिढ्या तुटत आली. उघड्या पडलेल्या उतारावरून पहिल्या पावसात माती सुटते, पऱ्यांतून नदीत येते, आणि जिथे नदीचा वेग मंदावतो तिथे बसते. ती जागा म्हणजे चिपळूण. पात्रात गाळाची बेटे तयार झाली, त्यांच्यावर झाडोरा वाढला. उक्ताडजवळचे जुवाड बेट हे त्यांतले ठळक उदाहरण. गोवळकोटला येणारी मोठी गलबते बंद झाली त्याला रस्त्यांची वाहतूक कारणीभूत होती, तसा उथळ झालेला तळही होता. बंदर गेल्यावर तळाची खोली हा कोणाच्याच दैनंदिन हिताचा विषय राहिला नाही. नदी भरत गेली आणि तिच्याकडे लक्ष देणारे कोणी उरले नाही.

१९६२ साली पोफळीच्या भूगर्भातल्या वीजगृहातून कोयना प्रकल्पाची वीजनिर्मिती सुरू झाली. कोयना ही मुळात पूर्ववाहिनी. तिचे पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. धरणाच्या शिवाजीसागर जलाशयातले पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला आणले, कड्याच्या उंचीचा फायदा घेऊन जनित्रांवर सोडले, आणि वीज तयार झाल्यावर ते खाली कोकणात उतरले. पुढे हे अवजल अडवून पुन्हा वापरण्यासाठी कोळकेवाडी धरण बांधले गेले. त्याच्या पायथ्याशी तिसऱ्या टप्प्याचे वीजगृह आले. १९९९ साली जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगदा उघडण्याचा प्रयोग, ज्याला लेक टॅपिंग म्हणतात, तो यशस्वी झाला आणि चौथ्या टप्प्याची १,००० मेगावॉटची भर पडून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉटवर गेली. कृष्णा पाणीवाटप लवादाच्या निर्णयानुसार पश्चिमेकडच्या वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी वापरता येते. हे पाणी वर्षभर सारखे वाटले, तर सेकंदाला सुमारे ६० घनमीटर इतका प्रवाह होतो. सह्याद्रीपलीकडच्या खोऱ्यातला एवढा प्रवाह माणसाने वाशिष्ठीत आणून सोडला.

उन्हाळ्यात हे पाणी चिपळूणला वरदान ठरले. कोकणातल्या इतर नद्या मार्च-एप्रिलात डबक्यांवर येतात, वाशिष्ठी मात्र वाहती राहते. शहराची नळपाणी योजना, खेर्डी-खडपोलीचे आणि लोटे-परशुरामचे औद्योगिक क्षेत्र हे सारे या पाण्यावर उभे आहे. कोयनेची वीजनिर्मिती काही कारणाने थांबली की चिपळूणच्या नळाला पाणी कमी येते, हा अनुभव शहराने अनेकदा घेतला आहे. पावसाळ्यात त्याच पाण्याची धास्ती वाटते. कोळकेवाडीतून किती पाणी सुटले, केव्हा सुटले, हा प्रश्न चिपळुणात प्रत्येक मोठ्या पुरानंतर विचारला गेला.

कोयनेने आणखी एका आपत्तीशी गाठ घालून दिली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात साडेसहा रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली, घाटमाथ्यावरची गावे जमीनदोस्त झाली. जलाशयातल्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळते का, या प्रश्नावर जगभर झालेल्या संशोधनात कोयनेचे नाव तेव्हापासून अग्रभागी आहे. चिपळूण तालुका घाटाच्या अगदी खालीच असल्याने इथेही तो हादरा जोरात बसला. धरणे डोक्यावर आहेत ही जाणीव इथल्या माणसाच्या मनात त्या पहाटेपासून घर करून राहिली, आणि पुढच्या काळात पाणी वाढू लागले की धरण फुटल्याच्या अफवा का उठतात, हे त्यावरून कळते.

दरम्यान शहराचा चेहरा बदलत होता. मुंबई-गोवा महामार्गावर ते मोक्याचे ठिकाण बनले, औद्योगिक वसाहती आल्या, १९९८ पर्यंत कोकण रेल्वे पूर्ण होऊन धावू लागली. घाटावर जाणारी गुहागर-विजापूर वाट आणि महामार्ग यांचा छेद इथेच पडतो, त्यामुळे उत्तर रत्नागिरीची मोठी बाजारपेठ म्हणून चिपळूण वाढत गेले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५५,१३९ होती. वाढ झाली ती प्रामुख्याने जुन्या पेठेच्या आजूबाजूला, म्हणजे पुराचे पाणी पसरायची जी मोकळी जागा होती तिच्यावर. भातखाचरे बुजवून भराव पडले. रेल्वेचे आणि रुंद होत गेलेल्या महामार्गाचे बांध खोऱ्याला आडवे आले. जोत्याच्या घरांच्या जागी तळमजल्यावर दुकाने असलेल्या इमारती उभ्या राहिल्या. तळमजल्याला भाव जास्त, म्हणून सर्वांत महाग माल सर्वांत खालच्या जागी ठेवला जाऊ लागला.

या बदललेल्या शहराची पहिली मोठी परीक्षा जुलै २००५ मध्ये झाली. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि देशाचे लक्ष त्या शहराकडे लागले. पण तोच पाऊस आदल्या दिवसापासून कोकणात कोसळत होता. महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर डोंगर खचून दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. चिपळुणात वाशिष्ठी आणि शिव दोन्ही नद्यांनी बाजारपेठ ताब्यात घेतली. पाणी ओसरल्यावर भिंतींवर उरलेली चिखलाची रेघ अनेकांनी रंगाने पक्की करून ठेवली. पुढची सोळा वर्षे हीच रेघ शहराचे माप ठरली. नवीन दुकान लावताना फळी त्या रेघेच्या वर ठोकायची आणि पावसाळ्यात माल त्या फळीवर चढवायचा, हा रिवाज पडला. मापाची दुसरी बाजू अशी की त्याच्या वर पाणी जाणारच नाही असा भरवसाही त्यातून तयार झाला.

पुराचा दुसरा प्रकार १४ वर्षांनी आला, तो शहरात नव्हे तर उगमाजवळ. २ जुलै २०१९ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास तिवरे गावचे मातीचे धरण फुटले. खालच्या भेंदवाडीतली घरे माणसांसकट वाहून गेली आणि वीसपेक्षा अधिक जणांचा बळी गेला. धरणाला गळती लागल्याची तक्रार ग्रामस्थ आधीपासून करत होते. दुरुस्ती झाली होती, पण ती पुरी पडली नाही. खेकड्यांनी धरण पोखरल्याचे स्पष्टीकरण तेव्हा सरकारी पातळीवरून दिले गेले, आणि ज्यांची माणसे गेली त्यांच्या जखमेवर ते मिठासारखे लागले. तिवऱ्याची घटना स्थानिक महापुरांच्या मालिकेत वेगळी पडते. तिथे पाऊस निमित्त होता, मरण आले ते देखभालीच्या उणिवेतून.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोकणावर एकामागून एक आघात झाले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांत सुपारी, नारळ, आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले. चिपळूण किनाऱ्यापासून आत असल्याने वाऱ्याचा मोठा तडाखा त्याला बसला नाही. पण कोविडच्या टाळेबंदीने पेठ आधीच मोडकळीला आणली होती. निर्बंध सैल होऊ लागल्यावर व्यापाऱ्यांनी गणपतीचा हंगाम डोळ्यांपुढे ठेवून माल भरला होता, बराचसा कर्जाऊ.

२० जुलै २०२१ ला आषाढी एकादशी झाली, २१ ला बकरी ईद. त्या आठवड्यात पश्चिम किनाऱ्यावर मोसमी वारे जोरात होते आणि हवामान खात्याने कोकणासाठी अतिवृष्टीचा इशारा दिलेला होता. सह्याद्रीच्या माथ्यावर किती पाणी कोसळत होते याची कल्पना महाबळेश्वरच्या नोंदीवरून येते. २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत तिथे सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. महाबळेश्वरचे पाणी वाशिष्ठीत येत नाही, पण तोच ढग वाशिष्ठीच्या माथ्यावरही होता. पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती, म्हणजे खाडीत उधाणाचे दिवस होते.

२१ च्या रात्री पावसाचा जोर वाढला. २२ जुलैला पहाटेपूर्वीच पाणी सखल वस्त्यांत शिरले. वाशिष्ठीची चिपळूणची इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर धरली जाते. उजाडेपर्यंत या दोन्ही आकड्यांना अर्थ राहिला नव्हता. बाजारपेठ, चिंचनाका, पेठमाप, मुरादपूर, शंकरवाडी, खेर्डी, बहादूरशेख नाका असा सगळा परिसर पाण्याखाली गेला. पाणी संथ चढत नव्हते. तळमजल्यावरच्या माणसांनी आधी माल वर चढवला, मग गॅसची टाकी आणि कागदपत्रे उचलली, आणि शेवटी सगळे टाकून जिना गाठला. २००५ ची रेघ सकाळीच बुडाली. रेघेच्या वरच्या फळ्यांवर ठेवलेला माल तरंगू लागला. काही भागांत पाणी पहिल्या मजल्यावर शिरले आणि बैठ्या घरांतली माणसे कौले काढून छपरावर बसली.

एसटीच्या आगारात गाड्या टपापर्यंत बुडाल्या. आगारातल्या कर्मचाऱ्यांसह व्यवस्थापक एका बसच्या टपावर चढले. त्यांच्याजवळ महामंडळाच्या भरण्याची सुमारे नऊ लाखांची रोकड होती, ती कार्यालयात ठेवली तर वाहून जाईल म्हणून बरोबर घेतलेली. भर पावसात, चारही बाजूंनी वाहत्या पाण्यात, ती पिशवी छातीशी धरून ही माणसे तासन्‌तास तिथे बसून राहिली आणि सुटका झाल्यावर पैसे जागच्या जागी जमा झाले. त्या दिवशी शहरात कर्तव्य किती ठिकाणी असे मुकाट्याने पार पडले असेल, याची ही एक नोंद झालेली खूण आहे.

सर्वांत वेदनादायक प्रसंग एका कोविड रुग्णालयात घडला. इमारतीला पाण्याचा वेढा पडला, वीज गेली, बाहेरून मदत पोहोचण्याची वाट राहिली नाही. तिथले आठ रुग्ण दगावले. महामारी आणि महापूर एकाच दिवशी एकाच खाटेवर येतील, असा विचार तोपर्यंत कोणत्याच आपत्ती आराखड्यात झालेला नव्हता.

बाहेरची मदत यायला दिवस गेला, आणि त्यालाही भूगोलच कारण होता. घाटात दरडी कोसळलेल्या, महामार्गावर ठिकठिकाणी पाणी, वाशिष्ठीवरच्या जुन्या महामार्ग पुलाचा काही भाग पुरात गेलेला. कामथे आणि चिपळूण स्थानकांदरम्यान वाशिष्ठीच्या रेल्वेपुलावर पाण्याने धोक्याची पातळी ओलांडल्याने कोकण रेल्वे थांबली आणि वाटेतल्या गाड्यांत सुमारे ६,००० प्रवासी अडकले. वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडल्याने आत काय चालले आहे हे बाहेर कळत नव्हते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, तटरक्षक दल, हवाई दलाची हेलिकॉप्टरे पुढे कामाला लागली. पण पहिल्या काही तासांत माणसे वाचवली ती शेजाऱ्यांनी. खाडीकाठच्या गावांतून होड्या आल्या. मोहल्ल्यांतली आणि वाड्यांतली पोरे दोर, रिकामे पिंप, ट्रकच्या ट्यूब घेऊन पाण्यात उतरली. पाणी ओळखणारी माणसे बंदराच्या काळापासून या काठावर आहेत, आणि त्या दिवशी शहर त्यांच्या हातांवर तरले.

त्याच चोवीस तासांत शेजारच्या तालुक्यांत डोंगर खचत होते. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर २२ च्या संध्याकाळी कडा कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. खेड तालुक्यात पोसरे इथे १७ जण दरडीखाली सापडले. राज्यभरात त्या काही दिवसांत दोनशेहून अधिक बळी गेले.

२३ तारखेला पाणी उतरू लागले तेव्हा रस्त्यांवर गुडघाभर चिखल होता. हा साधा चिखल नव्हता. दुकानांतले तेल, खत, सिमेंट, औषधे, सडू लागलेले धान्य आणि शेतातली माती यांचा तो लगदा होता, आणि दोन दिवस ऊन लागल्यावर त्याचा दगड होऊ लागला. शटर वाकलेली, फ्रीज उलटे पडलेले, गाड्या एकमेकींवर चढलेल्या. कपड्यांचे गठ्ठे, पुस्तके, वह्या, मिठाईची पिंपे, सोनारांची कपाटे एकाच ढिगात होती. ज्या व्यापाऱ्यांचा विमा होता त्यांचीही कागदपत्रे पाण्यात गेली होती. नळाला पाणी नसल्याने चिखल धुवायला पाणी नव्हते. राज्याच्या वेगवेगळ्या भागांतून आलेल्या स्वयंसेवकांनी, नगरपालिकांच्या सफाई पथकांनी आणि संस्थांनी कित्येक दिवस फावडी चालवली. ३ ऑगस्टला राज्य सरकारने पूरग्रस्त भागासाठी ११,५०० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. बुडालेल्या मालाच्या मानाने दुकानदाराच्या हाती आलेली रक्कम फार लहान होती, आणि बरीच कुटुंबे माल भरण्यासाठी काढलेल्या कर्जातून पुढची अनेक वर्षे बाहेर पडू शकली नाहीत.

एका नुकसानीची पैशात भरपाई होणारच नव्हती. १८६४ साली स्थापन झालेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे कोकणातल्या जुन्या ग्रंथालयांपैकी एक. २०१३ साली चिपळुणात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे या संस्थेचे बळ होते. ग्रंथालयाला पुराचा फटका आधीही बसला होता, आणि २०२१ मध्ये पुन्हा हजारो पुस्तके भिजली. भिजलेले जुने पुस्तक उघडता येत नाही. पाने एकमेकांना चिकटतात, शाई उतरते, आणि दोन-चार दिवसांत बुरशी धरते. दुर्मीळ आवृत्त्यांतल्या काहींची दुसरी प्रत कुठे मिळेल याची खात्री नव्हती. पुढे राज्यभरातल्या वाचकांनी आणि प्रकाशकांनी पुस्तके पाठवली व वाचन मंदिर पुन्हा उभे राहिले. दीडशे वर्षांपूर्वीचा कागद मात्र परत येत नाही.

पुरानंतर कारणांचा वाद पेटला. नागरिकांचे म्हणणे होते की कोळकेवाडीतून सुटलेल्या पाण्याने पूर चढला. प्रशासनाचे म्हणणे होते की पाऊसच विक्रमी होता आणि धरणाच्या विसर्गाचा वाटा त्यात गौण होता. शासनाने निवृत्त अभियंता दीपक मोडक यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले. पूर कशाने आला हा एक, आणि लोकांना वेळेवर का कळले नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पाऊस, उधाण, गाळ, भराव आणि विसर्ग यांच्या बेरजेत आहे. दुसऱ्याला मात्र एकच उत्तर आहे. पोफळीपासून पेढांब्यापर्यंत नदी किती चढली हे तासातासाला मोजून रात्रीच्या वेळी घराघरांत पोहोचवणारी व्यवस्था त्या दिवशी नव्हती. वरून येणारे पाणी शहरात पोहोचायला जे काही तास लागतात, ते तास माल वाचवायला नाही तरी माणसे हलवायला पुरेसे असतात. ते वाया गेले, आणि या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोठा दोष हाच होता.

डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण सुरू केले. वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा ही त्यांची मुख्य मागणी. व्यापारी, रिक्षावाले, डॉक्टर, शेतकरी, सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते त्यात बसले. सरकारला निधी द्यावा लागला आणि २०२२ च्या उन्हाळ्यात जलसंपदा विभाग व नाम फाउंडेशन यांची यंत्रे पात्रात उतरली. बेटे कापली गेली, शिव नदीचा तळ मोकळा झाला, लाखो घनमीटर गाळ बाहेर आला. पुढच्या पावसाळ्यांत पाणी रस्त्यांवर आले, पण ते लवकर ओसरले, असा अनुभव शहराने सांगितला. मात्र २०२१ सारखा पाऊस आणि उधाण त्यानंतर एकत्र आलेले नाही, म्हणून गाळ काढल्याने महापूर टळतो हे अजून सिद्ध झालेले नाही. काढलेला गाळ टाकायचा कुठे, हाही प्रश्न राहिला. तो पुन्हा सखल जागी भराव म्हणून पडला तर पाण्याची जागा एकीकडे वाढते आणि दुसरीकडे घटते.

पूररेषांचा वाद अधिक अवघड आहे. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, दोन्हींच्या मध्ये अटींसह करता येते. चिपळूणच्या नकाशावर या रेषा उमटल्या तेव्हा जुन्या शहराचा फार मोठा भाग त्यांच्या आत आला. ज्याचे घर पडायला आले आहे त्याला ते पुन्हा बांधता येईना, ज्याला कर्ज हवे त्याला बँक देईना. रेषा रद्द करा ही मागणी म्हणून उठली, आणि माणसांच्या अडचणीपोटी ती उठली हे मान्य करायला हवे. तरीही रेषा पुसल्याने पाणी थांबत नाही. जुन्या रहिवाशाला उंच जोत्यावर, खालचा मजला मोकळा ठेवून पुनर्बांधणी करू देणे आणि नव्या भरावाला सक्त मनाई करणे हा मधला मार्ग उपलब्ध आहे.

पूर आला की वाशिष्ठीतल्या मगरीही शहराच्या रस्त्यांवर दिसतात. २०२४ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला चिंचनाक्याच्या रस्त्यावरून रात्री चालत गेलेल्या मगरीची चित्रफीत राज्यभर पाहिली गेली. नदी आणि शहर यांच्यातली सीमा किती पातळ आहे, ते त्या चित्रफितीत दिसते.

पुढच्या मोठ्या पुराआधी करण्याजोगी कामे माहीत आहेत. गाळ एकदाच काढून चालत नाही, दर उन्हाळ्यात काढावा लागतो, कारण डोंगर दर पावसाळ्यात तो नव्याने पाठवतो. कोळकेवाडीचा विसर्ग आणि वरच्या गावांतला पाऊस यांचे आकडे पावसाळाभर नागरिकांना उघडपणे मिळाले पाहिजेत. रुग्णालये, औषधांचे साठे आणि विजेची उपकेंद्रे पूररेषेच्या वर हलली पाहिजेत. आणि आगोटीची तयारी पूर्वी जशी घरोघर होत असे, तशी चिपळूणच्या प्रत्येक दुकानदाराने आणि रहिवाशाने मे महिन्यातच करावी, २००५ ची नव्हे तर २०२१ ची रेघ मोजून.